जिवंत धरणारे

शास्त्रवाचन : लूक ५:१-११, २ तीमथ्य २:२४-२६



गनेसरेत सरोवराकाठी घडलेला प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्रभर कष्ट करूनही रिकाम्या हातांनी परतलेले कोळी, प्रभूच्या शब्दावरून पुन्हा पाण्यात सोडलेली जाळी, ती फाटू लागतील इतके मासे, आणि त्या भाराने बुडू लागलेल्या दोन होड्या. त्या होड्या काही मोठ्या नव्हत्या. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी ओसरले असता गिनोसर गावाजवळच्या चिखलात त्या काळची एक होडी सापडली; ती सुमारे सव्वाआठ मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद आहे. लहान होडी आणि तिला न पेलणारी शिकार असे हे चित्र आहे. ह्याच चित्राच्या शेवटी प्रभू पेत्राला सांगतो की, ह्यापुढे त्याने धरावयाची आहेत ती माणसे.

भाषांतरकाराला येथे थांबावे लागते. मत्तय आणि मार्क ह्या शुभवर्तमानांत प्रभू शिष्यांना माणसांचे कोळी करणार असल्याचे सांगतो. लूक मात्र येथे कोळ्यांचा नेहमीचा शब्द वापरत नाही. त्याने योजलेले ग्रीक क्रियापद आहे ‘झोग्रेओ’. ‘झोओस’ म्हणजे जिवंत आणि ‘आग्रेउओ’ म्हणजे शिकार करणे, पकडणे. ह्या दोहोंच्या संयोगातून ते झाले आहे. त्याचा अर्थ जिवंत धरणे. जुन्या ग्रीक वाङ्मयात हा शब्द रणांगणावर भेटतो. पाडाव झालेल्या शत्रूला ठार न मारता जिवंत धरणे, त्याला जीवदान देणे, असा त्याचा तेथील भाव. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात राहाब आपल्या आईबापांसाठी व भावंडांसाठी हेरांजवळ जी याचना करते, तिच्यात हेच क्रियापद आहे. आणि यरीहो पडल्यावर यहोशवाने तिला वाचवले, हे सांगतानाही तेच आले आहे.

आपल्या ‘धरणे’ ह्या मराठी शब्दात हा जिवंतपणा आपोआप येत नाही. चोराला धरतात, मासाही धरतात, आणि धरलेला मासा तर मरतोच. कोळ्याच्या जाळ्यात आलेला मासा मरण्यासाठीच आलेला असतो. ज्याने जन्मभर मासे मारण्यासाठी धरले, त्याला प्रभू सांगतो की आता धरावयाचे ते जगवण्यासाठी. शिवाय मूळ ग्रीक रचना अशी आहे की, ती एकदाच घडणारी कृती न सांगता पुढे चालू राहणारा आयुष्यक्रम सांगते. जिवंत धरणे हा पेत्राचा नित्याचा उद्योग होणार आहे.

पण मोठा मासा जिवंत धरता येतो काय? आणि तोही लहानशा होडीतून? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण बंगळूरुहून सुमारे शंभर किलोमीटरवर, भीमेश्वरीच्या कावेरीकाठी जाऊ.

ह्या शहरातील नळांना जिचे पाणी येते तीच ही नदी. येथे खडकांतून वाट काढणारी तिची धार वेगवान आहे, आणि धारेखाली खोल डोह आहेत. ह्या डोहांत महसीर राहतो. वाळणकोंडीच्या डोहात देवाचे मासे म्हणून राखलेले मासे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना महसीराचे कूळ ठाऊक आहे. परंतु कावेरीचा कुबडा महसीर त्या कुळातील राक्षसच. १९४६ साली काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थांनी गळाने धरलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. पुढे असा मासा आता उरलाच नाही, असे पुष्कळांस वाटू लागले होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून आलेल्या काही तरुणांनी तो कावेरीत पुन्हा शोधून काढला. त्यानंतर भीमेश्वरीच्या परिसरात गळाने मासे धरणाऱ्यांसाठी तळ उभे राहिले, आणि तेथे एक शिस्त रुजली : मासा धरावा, मोजावा आणि जिवंत सोडून द्यावा.

ही मासेमारी काठावरून आणि परिसलातून होत असे. परिसल म्हणजे बांबूच्या कामट्यांची, टोपलीसारखी गोल होडी. कानडीत तिला हरिगोलू म्हणतात. कृष्णाकाठच्या वाचकांना पुराच्या वेळी गुळाच्या काहिलीतून माणसे पैलतीरी नेल्याच्या कथा आठवतील. आकाराने ती तशीच. नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा गोळा गळाला लावीत. मासा लागला की तो धारेबरोबर खाली धाव घेई, आणि गळ धरणारा नावाड्यासह परिसलात उडी घेऊन त्याच्या मागे जाई. आता इतरत्र हेच काम कयाक नावाच्या अरुंद होडीतून करणारे पुष्कळ आहेत. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली शिकारीची होडी. परिसल असो वा कयाक, प्रश्न एकच असतो. मासा बलवान, होडी हलकी आणि पायांखाली जमीन नाही. अशा वेळी जे कसब लागते, त्यात आपणांसाठी चार धडे आहेत.

१. होडी माशामागे जाते

काठावरील मनुष्य खडकावर पाय रोवून मासा आपल्याकडे ओढू शकतो. होडीतील मनुष्याला ते साधत नाही. त्याने ताकद लावली तर मासा होडीकडे येण्याऐवजी होडीच माशाकडे जाते. आणि ओढ आडवी पडली तर होडी उलटते. म्हणून जाणता मनुष्य प्रथम होडीचे तोंड माशाच्या दिशेने वळवतो. नांगर टाकलेला असेल तर तो तरंगत्या खुणेसह सोडून देतो, म्हणजे नंतर येऊन उचलता येतो. मग मासा जाईल तिकडे होडी जाऊ देतो. होडी आणि माणूस ह्यांचे ओझे ओढता ओढता मासाच थकत जातो.

लूकाच्याच शुभवर्तमानात, चोविसाव्या अध्यायात, दोन शिष्य यरुशलेमेकडे पाठ फिरवून अम्माऊसकडे निघालेले आपण पाहतो. ते चुकीच्या दिशेने चालले आहेत. पुनरुत्थित प्रभू त्यांना वाटेत अडवत नाही. तो त्यांच्याबरोबर चालू लागतो. सुमारे अकरा किलोमीटरची ती वाट तो त्यांच्या दिशेने चालतो, त्यांचे दुःख त्यांच्याच तोंडून ऐकतो, मग शास्त्र उलगडून दाखवतो, आणि भाकरी मोडतो. त्यानंतर ते आपण होऊन, रात्रीच, यरुशलेमेस परत फिरतात.

आपण मात्र बहुधा खडकावर उभे राहून ओढतो. मंडळीपासून दुरावलेल्या मनुष्याने आधी आपल्याकडे यावे, मग आपण बोलू, अशी आपली अपेक्षा असते. ज्याला जिवंत धरावयाचे आहे, त्याच्या दिशेने आधी आपली होडी वळली पाहिजे, आणि आपल्या सोयीचा नांगर काही काळ तरी सोडला पाहिजे.

२. तंगूस सुटते, पण सैल पडत नाही

गळाच्या काठीला जे रीळ असते, त्याला घट्ट-सैल करण्याची एक कळ असते. तिला ड्रॅग म्हणतात. तंगूस जितका भार सोसून तुटते, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच ओढ बसावी, अशा बेताने ती कळ लावण्याचा प्रघात आहे. माशाने त्याहून जोराची धाव घेतली की रीळ फिरते आणि तंगूस सुटत जाते. नवशिक्याला वाटते, मासा चालला! भीतीने तो कळ आवळतो आणि तंगूस तुटते. उलट कोणी हात ढिला सोडला व तंगुसाला झोल पडला, तर मासा डोके झटकून गळ काढून टाकतो. दोन्ही प्रकारांनी मासा जातो. तंगूस सुटू द्यावे, परंतु ते सदैव ताणलेले असावे, हे ह्या विद्येचे मर्म आहे.

उधळ्या पुत्राचा पिता ह्या मर्माचा जाणकार आहे. त्याने मुलाला त्याचा वाटा दिला. दूर देश गाठण्याइतके तंगूस त्याने सुटू दिले. परंतु ते सैल पडले नाही. मुलगा अजून दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, ह्याचा अर्थ बापाची नजर वाटेवर होती. आणि डुकरांमध्ये बसलेल्या मुलालाही प्रथम आठवले ते बापाचे घर.

आपल्या किती घरांत आज हा प्रश्न जिवंत आहे! मुलगा शिकून बंगळूरुला किंवा पुण्याला आला, रात्रपाळीची नोकरी लागली, रविवार झोपेत जाऊ लागला. पुढे त्याने आपल्या मनाने विवाह ठरवला. बापाने सांगून टाकले की ह्या घराचा उंबरठा चढू नकोस. मंडळीनेही यादीतून नाव कमी केले. कळ आवळली आणि तंगूस तुटले. दुसऱ्या घरी काहीच बोलायचे नाही असे ठरले. मुलगा काय मानतो, काय सोडून देतो, हे विचारण्याचे धैर्य कोणी केले नाही, आणि ह्यालाच प्रेम म्हटले गेले. तेथे तंगुसाला झोल पडला. पहिल्या घरात सत्य आहे, पण सहनशीलता नाही. दुसऱ्यात शांतता आहे, पण नाते नाही. फोन करणे, पत्र लिहिणे, सुनेच्या हातचे जेवणे, नातवाचे नाव घेऊन प्रार्थना करणे आणि योग्य वेळी आपला विश्वास स्पष्ट शब्दांत सांगणे, हे ताणलेले पण न तुटणारे तंगूस होय.

३. होडीजवळची शेवटची धाव

मासा थकून होडीजवळ येतो, तेव्हा धोका संपला असे वाटते. वस्तुतः सर्वांत अधिक मासे येथेच निसटतात. होडी दिसताच मासा उरलेले सर्व बळ एकवटून शेवटची धाव घेतो, आणि पुष्कळदा होडीखालून पलीकडे जातो. तंगूस होडीच्या कडेवर घासले की तुटते. जवळ आलेल्या माशाला वर उचलण्याच्या घाईत काठी उभी धरली, तर काठीच मोडते. जाणता मनुष्य अशा वेळी काठीचे टोक खाली, पाण्यात घालतो, आणि होडीच्या पुढच्या टोकाला वळसा देऊन काठी माशाच्या बाजूस नेतो. म्हणजे ऐन विजयाच्या क्षणी तो वाकतो.

आता पेत्राकडे पाहा. जाळी भरली, होडी भरली, प्रभू त्याच होडीत बसला आहे. आणि पेत्र प्रभूला विनवतो की, मजपासून दूर जा, कारण मी पापी आहे. कृपा अगदी जवळ आली, तेव्हाच पेत्राने ही धाव घेतली. ह्या धावेला पुष्कळजण नकार समजतील. प्रभूने ती ओळखली. तो रागावला नाही, गेलाही नाही. त्याने आधी भीती दूर केली आणि मगच काम सोपवले. पुढे प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात पेत्राने ह्याहून मोठी धाव घेतली, तीन वेळा. तेव्हाही प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले. त्याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना आधीच झाली होती. तंगूस तुटले नव्हते.

पाळकांनी व वडीलजनांनी हे विशेष लक्षात घ्यावे. वर्षानुवर्षे दूर राहिलेला मनुष्य उपासनेला येऊ लागतो, आणि एके दिवशी क्षुल्लक कारणावरून चिडून बोलतो, जुनी उणीदुणी काढतो. आपण म्हणतो, हा सुधारणार नाही. कदाचित त्याला होडी दिसली असेल. अशा वेळी काठी उंच धरू नये.

४. धारेकडे तोंड करून धरणे

मासा हाती आला. त्याला जिवंत सोडावयाचे असेल, तर आता घाई करून चालत नाही. दीर्घ झुंजीने त्याचे स्नायू थकलेले असतात, रक्तात आम्ल साठलेले असते. तसाच पाण्यात टाकला तर तो उलटा होऊन मरू शकतो. म्हणून मोठा मासा शक्यतो पाण्याबाहेर काढीत नाहीत. एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पोटाखाली ठेवून, त्याचे तोंड धारेकडे करून त्याला पाण्यातच धरून ठेवतात, म्हणजे वाहते पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाते. हळूहळू त्याला बळ येते, आणि तो शेपटीच्या एका फटकाऱ्याने हात सोडवून घेतो. तो आपण होऊन गेला, म्हणजे काम पूर्ण झाले. म्हणूनच झुंज उगाच लांबवणे हाही ह्या विद्येत दोष मानतात.

गरसेकरांच्या प्रदेशात प्रभूने भुतांच्या तावडीतून एका मनुष्याला सोडवले. शुद्धीवर आलेला, वस्त्र नेसलेला तो मनुष्य प्रभूच्या पायांजवळ बसला, आणि प्रभू होडीत चढत असता त्याने बरोबर येण्याची विनवणी केली. प्रभूने त्याला होडीत घेतले नाही. आपल्या घरी परत जाऊन देवाने केलेले मोठे काम सांग, म्हणून त्याला पाठवले. धरलेल्या मनुष्याला प्रभूने त्याच्याच पाण्यात जिवंत सोडले.

आपण ज्यांना प्रभूकडे आणतो, ते आपले होऊन राहावेत, आपल्या संस्थेची संख्या वाढवावीत, आपल्या उपकाराची आठवण ठेवावी, असे आपणांस वाटते. जो मनुष्य कायम आपल्या हातातच राहतो, तो अद्याप पोहू लागलेला नाही. प्रभूच्या वचनाच्या आणि पवित्र आत्म्याच्या धारेकडे त्याचे तोंड करणे, त्याला बळ येईपर्यंत आधार देणे, आणि मग हात उघडणे, हे आपले काम आहे.

प्रिय वाचकहो, प्रत्येक दृष्टान्ताला सीमा असते, आणि येथे ती स्पष्ट सांगितली पाहिजे. गळ माशाला दुखवतो. त्या झुंजीतून माशाला काहीच लाभ होत नाही. शास्त्रातही गळ हे चांगले चिन्ह नाही. आमोस, यहेज्केल आणि हबक्कूक ह्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गळ येतो तो न्यायदंडाचा किंवा जुलमी राजाच्या क्रूरतेचा म्हणून. नव्या करारात गळ एकदाच दिसतो, मंदिराचा कर भरण्यासाठी. आणि तो मासा धरणारा पुन्हा पेत्रच आहे. प्रभूने पेत्राला आमिष दाखवले नाही, की फसवले नाही. म्हणून ह्या विद्येतून आपण धीर आणि हलका हात तेवढा घ्यावा. आमिष आणि गळ घेऊ नये. मदतीचे आमिष दाखवून माणसे धरणे हे प्रभूचे धरणे नव्हे.

आणखी एक गंभीर गोष्ट कावेरीच शिकवते. एकेक मासा काळजीने सोडला गेला, तरी कुबडा महसीर आज नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. २०१८ साली संशोधकांनी त्याची शास्त्रीय ओळख निश्चित केली, आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. सुरुंग लावून होणारी मासेमारी आणि धरणे ह्यांनी त्याची नदी बिघडवली. त्यातच आपल्या लोणावळ्याच्या केंद्रात उबवलेल्या दुसऱ्या जातीच्या महसीराची पिल्ले सद्हेतूने कावेरीत सोडली गेली. त्यांची संख्या वाढत गेली आणि मूळचा कुबडा मासा मागे पडला, असे ह्या संशोधकांचे म्हणणे आहे. २०१० नंतरच्या काळात अभयारण्याच्या हद्दीतील गळाची मासेमारीही थांबवण्यात आली. ह्यावरून हे कळते की, जिवंत सोडलेल्या माशाला जगण्यासाठी नदीही जिवंत लागते. आपण एका मनुष्याला प्रेमाने परत आणले. पण ज्या मंडळीत तो परतला, तेथे गटबाजी, कोर्टकज्जे आणि निंदा हेच पाणी असेल, तर तो किती दिवस श्वास घेईल? मंडळीचे पाणी निर्मळ ठेवणे हेही जिवंत धरण्याच्या कामाचे अंग आहे.

‘झोग्रेओ’ हे क्रियापद नव्या करारात केवळ दोनदा आले आहे. पहिले स्थळ आपण पाहिले. दुसरे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे, आणि तेथे ते सैतानाच्या पाशासंबंधात येते. त्या वाक्यातील सर्वनाम कोणाकडे जाते, सैतानाकडे की देवाकडे, ह्याविषयी भाषांतरकारांत मतभेद आहेत. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट निश्चित आहे : जिवंत धरू पाहणारा आणखी एक शिकारी पाण्यात आहे, आणि तो धरतो ते बंदिवासासाठी. म्हणून त्याच ठिकाणी पौल प्रभूच्या सेवकाला बजावतो की, त्याने भांडू नये. सर्वांशी सौम्यतेने वागावे, सहन करावे, आणि विरोध करणाऱ्यांना नम्रतेने शिकवावे, कारण पश्चात्तापबुद्धी देणारा देव आहे. कोकणात गळाने मासे गरवणारा पाण्यावर ओरडत नाही. आपण मात्र ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो, त्यांच्यावरच ओरडतो.

आज आपल्या प्रत्येकाच्या मनात एक तरी नाव असेल. दुरावलेला मुलगा, न बोलणारा भाऊ, मंडळी सोडून गेलेली मैत्रीण. ते नाव घेऊन आपण प्रभूपुढे जाऊ या. तंगूस तुटले असेल, तर ते जोडण्याचा आरंभ ह्याच आठवड्यात करू या. झोल पडला असेल, तर एक खरा शब्द बोलू या. ज्या प्रभूने आपणांस जिवंत धरले, आणि आपल्या प्रत्येक धावेत आपल्यामागे येण्याचा ज्याला कंटाळा आला नाही, तो आपल्या हातांना तसाच धीर देवो. आमेन.